परकारभाईंची इटली

नाताळच्या सुट्टीत तुम्ही रोमहून पाठवलेला फोटो मी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या परकारभाईंना दाखवला. रेवा आणि अर्णव, तुम्ही दोघं एका रेस्टॉरंटात बसला आहात, समोर स्पॅगेटीची ताटली आहे आणि तुमच्या बाबांच्या हातात कॅपुचिनोचा कप आहे, तो फोटो. परकारभाईंनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, मागच्या भिंतीवरचं घड्याळ निरखलं आणि फोन मला परत दिला.

"बाई, पोरांना फसवलंय. ही इटली नाय."

"अहो, रोमच आहे ते. खिडकीतून कोलोसियम दिसतंय."

"दिसू दे. घड्याळात दीड वाजलाय. जेवणावर दुधाची कॉफी? खऱ्या इटलीत असला माणूस गावात राहूच शकत नाय."

खऱ्या इटलीत परकारभाई कधीही गेलेले नाहीत. त्यांचं विमानसुद्धा इटलीवरून गेलेलं नाही, कारण मुंबईहून दम्मामला येताना इटली लागत नाही. याकूब परकार हे मूळचे दापोलीजवळच्या हर्णै बंदरातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथे सौदीत, जुबैलच्या कारखान्यांत पाइप जोडण्यात घालवली आणि आता ते फोरमन आहेत. तुमचा सुहासमामा मला, तुमच्या आजीला, इथे घेऊन आला, त्या पहिल्याच आठवड्यात ते वाटीभर साखर मागायला वर आले. मीनलमामीने फ्रिज उघडला तेव्हा त्यांची नजर आत गेली. साखर घेतली, आभार मानले आणि जाता जाता त्यांनी आमच्या फ्रिजमधली केचपची बाटली उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. शाळेत मी व्रात्य मुलांना असंच उभं करायची, त्यामुळे मला अर्थ लगेच समजला. तेव्हापासून ते जेव्हा जेव्हा वर येतात तेव्हा बाटलीला शिक्षा होते, आणि ते गेल्यावर मीनलमामी ती माफ करते.

ही इटली त्यांच्या अंगात शिरली कशी, तेही सांगते. ते तरुण असताना इथल्या एका कामावर रेनातो नावाचा इटालियन इंजिनिअर त्यांचा साहेब होता. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या पोर्टा केबिनमध्ये स्वयंपाक करायचा. मासे साफ करायला परकारभाईंना बोलवायचा आणि मग जेवायला बसवायचा. त्या केबिनमध्ये जे कानावर पडलं, ती परकारभाईंची इटली. तिची लांबी-रुंदी एका केबिनएवढी आहे, कायदे मात्र साम्राज्याला पुरतील एवढे. स्पॅगेटी मोडायची नाही. माशावर चीज घालायचं नाही. सॅलड आधी नाही, नंतर. पास्ता शिजवायचा, पण पूर्ण शिजवायचा नाही, दाताला लागला पाहिजे. माझे दात डॉक्टरांनी बसवलेले आहेत आणि त्यांना काही लागलेलं चालत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "मग हळू चावा बाई," म्हणाले. "पियानो, पियानो."

पियानो म्हणजे हळूहळू. हा त्यांचा लाडका शब्द. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला पियानो, लिफ्टच्या दाराला पियानो, आणि अंगणात भांडणाऱ्या मांजरांनाही पियानो. सगळं जुबैल सकाळपासून 'यल्ला, यल्ला' म्हणत एकमेकांना ढकलत असतं, त्यात हा एक माणूस सगळ्यांना सावकाश घ्यायला सांगत फिरतो. अर्थात, हे फक्त घरी. कामावर हेच परकारभाई सर्वांत मोठ्याने यल्ला ओरडतात, असं त्यांच्या हाताखालच्या पोरांनी मला सांगितलं आहे.

इटालियन लोक मुळात कोकणी आहेत, अशीही त्यांची खात्री आहे. पुरावे भक्कम आहेत. "बघा बाई. नाताळच्या आदल्या रात्री ते मटणाला हात लावत नाहीत, फक्त मासे. सणाला मासे! हातवारे करून भांडतात. आणि साठीचा बाप्या झाला तरी आईला घाबरतो. आता सांगा, हे हर्णैचे नाहीत तर कुठले?" एक जानेवारीला ते दरवर्षी वाडगाभर मसूर घेऊन वर येतात. नव्या वर्षी मसूर खाल्ले की इटलीत बरकत येते म्हणे. आपल्याकडे मसुराची आमटी लोक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करतात, तेव्हा बरकत संपलेली असते. पण हे मी बोलले नाही. डिसेंबरात ते जवळच्या खोबर शहरातल्या मोठ्या दुकानातून पानेतोने नावाचा उंच टोपीसारखा पाव आणतात. तो आठवडाभर टेबलावर मांडून ठेवतात आणि आल्यागेल्याला पुठ्ठ्याच्या खोक्यासकट दाखवतात. कापेपर्यंत तो इतका वाळलेला असतो, की त्यातले बेदाणे तेवढे ओळखीचे लागतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. घरात कोण कसा पास्ता खातो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परकारभाईंना जेवण नको असतं, जेवायला बसलेली माणसं हवी असतात. आणि तीही शेवटच्या कॉफीपर्यंत बसलेली. "टेबलावर बसलेला माणूस म्हातारा होत नाय, असं रेनातो बोलायचा," हे ते दर ईदला सांगतात, आणि दर ईदला लोक त्यांच्या टेबलावरून उठून जातात. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं दुःख होतं. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो.

आपल्या माणसांची जेवायची रीत तुम्हाला माहीत आहे. ताटात सगळं एकदम वाढायचं, जेवायचं, हात धुवायचे आणि निघायचं. त्यातून इथे कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारी एकटी माणसं. त्यांची जन्माची सवय ट्रे घ्यायचा, खाली मुंडी घालून जेवायचं आणि बस पकडायची. ईदच्या दिवशी परकारभाई पाच टप्प्यांचं जेवण करतात आणि त्यात पास्ता दुसरा. कॅम्पमधली पोरं समजतात, हेच जेवण. तीन-तीन ताटल्या पास्ता खाऊन, हात धुऊन, "चाचा, ईद मुबारक, मस्त झालं होतं" म्हणून जातात. तोवर परकारभाई स्वयंपाकघरातून अख्खा भाजलेला हमूर मासा ताटात घेऊन बाहेर येतात, आणि खोलीत फक्त पंखा चालू असतो.

एका वर्षी त्यांनी आधीच सांगून टाकलं, की पाच टप्पे आहेत आणि मासा तिसरा आहे. झालं! सगळ्यांनी पास्ता नको म्हटलं आणि माशाची वाट बघत बसले. पुढच्या वर्षी त्यांनी दाराबाहेरच्या सगळ्यांच्या चपला उचलून कपड्यांच्या टोपलीत घातल्या आणि टोपली मागच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. दोन वेल्डर अनवाणी गेले, पण गेले.

गेल्या वर्षी त्यांनी आमच्या इमारतीचे मालक अबू फहद यांना बोलावलं. भारदस्त, पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. परकारभाईंना वाटलं, हा तरी घाईचा माणूस नाही. अबू फहद चवीने जेवले, सगळं खाल्लं, अल्लाचे आभार मानले आणि ताडकन उठले. परकारभाईंनी त्यांचा हातच धरला. "बसा की, कॉफी यायची आहे. इटलीत..."

अबू फहद हसले. माझ्याकडे बघून, मलाही कळावं म्हणून, इंग्रजीत म्हणाले, "याकूब, पाहुणा जेवून बसून राहिला, तर घरातल्या बायका जेवणार कधी? म्हणून आम्ही उठतो."

त्यावर काहीतरी इटालियन उत्तर येईल, असं मला वाटलं.  परकारभाईंच्या घरचं बाईमाणूस तेव्हा इथे कोणीच नव्हतं, तरी त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि अबू फहद यांचा हात सोडला.

यंदा मात्र रमझानमध्येच ते वर आले, बाटलीला शिक्षा करायची विसरले, आणि म्हणाले, "बाई, ईदला जुबेदा येते आहे. व्हिजिट व्हिसा झाला."

जुबेदाभाभी म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. आधी सासूसासरे, मग मुलांच्या शाळा, मग मुलीची बाळंतपणं. परकारभाई दोन वर्षांतून एकदा हर्णैला जायचे, तेवढाच काय तो संसार. काही वर्षांपूर्वी त्यांनी तिथे सागवानी डायनिंग टेबल करून घेतलं होतं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यावर प्लास्टिक अंथरून गाद्या रचलेल्या होत्या.

"यंदा कोणी उठता कामा नये," ते म्हणाले. "तुम्ही मदत करा. कोणी उठायला लागला की तुमच्या शाळेतल्या आवाजात 'सिट डाउन' म्हणा."

मी कबूल केलं. खोटं कशाला बोलू, निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्याकडे असं काम घेऊन आलं नव्हतं.

जुबेदाभाभी आली. चणीने लहान, नाकात चमकी, आणि सामानात कोकम, सुका बांगडा, तांदळाचं पीठ आणि नवऱ्यासाठी तीन लुंग्या. येऊन स्वयंपाकघर बघितलं आणि पास्ता गाळायच्या चाळणीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ताई, शेवया कोण चाळतंय वो?" पुढचे चार दिवस खालून परकारभाईंचा शिकवण्याचा आवाज येत होता. तिचा आवाज फारसा येत नव्हता, पण मधूनच हसू येत होतं. मला ते ऐकायला आवडलं.

ईदच्या दिवशी दुपारी आम्ही खाली गेलो. मी, सुहासमामा, मीनलमामी, आणि कॅम्पमधले दोघे, चिपळूणचा संतोष आणि गुहागरचा इम्तियाज. संतोष सकाळपासून तीन घरी शिरखुर्मा आणि दोन घरी बिर्याणी खाऊन आला होता, कारण परकारचाचांकडे पुढचं ताट कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा आधी जेवून जायचं असतं, हे कॅम्पमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही आत येताच आमच्या चपला टोपलीत गेल्या. टेबलावर इस्त्री केलेले नॅपकिन होते. परकारभाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सुहासमामा तिच्यावर बसायला गेला तर म्हणाले, "ती नाय. तिकडे बस."

पहिला टप्पा, पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह. दुसरा, कोळंबीची स्पॅगेटी. जुबेदाभाभी एकेक भांडं आणून ठेवायची आणि दारात जाऊन उभी राहायची.

"भाभी, बसा ना," मीनलमामी म्हणाली.

"तुमी जेवा गो. मी मागनं जेवतंय."

"जुबेदा, बस," परकारभाई म्हणाले.

"अवो, पाहुण्यांचं होऊ दे आधी."

पास्ता संपला. संतोष सवयीने हात धुवायला उठला. "सिट डाउन," मी म्हटलं. तो जो बसला, तो हातांची घडी घालूनच बसला. माझा आवाज अजून शाबूत आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

"आता जरा बोला," परकारभाईंनी फर्मावलं. "इटलीत दोन टप्प्यांच्या मधे बोलतात."

बोला म्हटल्यावर कोण बोलतो? सुहासमामाने पेट्रोलच्या भावाचा विषय काढला, तो संपला. इम्तियाज म्हणाला गरम होतंय, त्यावर सगळ्यांनी हो म्हटलं. मग परकारभाईच बोलू लागले, आणि मी त्यांच्याकडून कधी न ऐकलेलं ऐकलं. "मेसमध्ये कोणाच्या तोंडाकडे बघायची सोय नाय, बाई. ट्रे घेतला, गिळलं, चालू पडलो. रेनातोनं पहिल्यांदा विचारलं, याकूब, तुझ्या घरी सणाला काय करतात? सांगता सांगता संध्याकाळ झाली. तेव्हा मी ठरवलं..." एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं. भाभी दाराला टेकून उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. "मासा आणू का?" तिने विचारलं.

मासा आला. मासा उत्तम होता. माझ्या दातांनीही तक्रार केली नाही. मग सॅलड, मग कलिंगड. इम्तियाजची चुळबुळ दोनदा 'सिट डाउन'ने थांबवली. दुपार कलायला आली तरी टेबलावरून एकही माणूस हलला नाही. इतक्या वर्षांत परकारभाईंनी जे मागितलं ते सगळं त्यांना मिळालं होतं. आणि मी बघत होते, की दर टप्प्याला त्यांचा चेहरा उतरत चालला आहे. त्यांच्या स्वतःच्या ताटलीत पहिला पाव तसाच होता. "बस ना जरा," ते तिला मधूनच म्हणत, दर वेळी आवाज थोडा खाली. "मागनं," ती म्हणे. आम्ही जितके बसून, तितकी ती उभी. आणि आम्हाला बसवून ठेवणारी मी.

आत कॉफीची किटली फसफसू लागली. हा शेवटचा, पवित्र विधी. भाभी कप आणायला वळली आणि परकारभाई उठून उभे राहिले.

"उठा," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, हाही काही इटालियन प्रकार आहे.

"कॉफी?" सुहासमामाने विचारलं.

"खलास. कॉफी नाय. अबू फहद बरोबर बोलला होता." आणि त्यांनी संतोषच्या खांद्याला धरून त्याला खुर्चीतून उठवलं. "ईद मुबारक, ईद मुबारक. यल्ला! चला, यल्ला, यल्ला!"

घरात पहिल्यांदाच यल्ला ऐकला मी. संतोष आणि इम्तियाज शाळा सुटल्यासारखे पळाले. या खेपेला टोपली शोधायला त्यांना परकारभाईंनीच मदत केली. माझ्या चपला टोपलीच्या तळाशी होत्या, त्यामुळे मी सगळ्यांत शेवटी निघाले. दाराशी चपला घालताना पाहिलं, की त्यांनी ती रिकामी खुर्ची मागे ओढून धरली आहे.

"पाहुणे गेले," ते म्हणत होते. "आता कोण राहिलं?"

"तुमचं जेवण झालं ना? मग मी आत बसतंय."

"नाय झालं. सकाळपासून काय नाय खाल्लं. बस."

"तुमच्याबरोबर? टेबलावर?" असं म्हणून ती हसली. मग ओढणी सावरून खुर्चीच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखी टेकली. मी दार ओढून घेतलं.

वर येऊन जरा आडवी होते तोच बेल वाजली. दारात परकारभाई, धापा टाकत. मान खाली.

"बाई, ती बाटली हाय का?"

"कुठली?"

त्यांनी हातानेच उंची दाखवली. मी समजून न समजल्यासारखं केलं. एवढ्या वर्षांचा हिशेब होता माझ्या फ्रिजचा.

"ती... लाल," ते म्हणाले. "जुबेदा म्हणते, शेवया सपक हायत. घरी पोरं सॉस घालून खातात, तसा द्या. मी म्हटलं, आणतो."

"स्पॅगेटीवर केचप, परकारभाई? आणि इटली?"

"बाई, नंतर हसा. आता ती बसली हाय. मी गेलो नाय तर तीच उठेल. एकदा उठली की परत बसायची नाय."

मी बाटली आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि वळले. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होते, या वयात, या गुडघ्यांनी. मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "परकारभाई, पियानो, पियानो!"

त्यांना ऐकू गेलं नाही.